डावीकडे वळण्याचं कारण

थोरल्या कप्तानाने बावीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, तोही सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, लख्ख उजेडात, दोन बोटींवरच्या शे-सव्वाशे प्रवाशांच्या देखत.

त्या बंदरात दोन फेरीबोटी होत्या. मोठी पांढरी बोट थोरला चालवायचा आणि लहान हिरवी त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे धाकटा कप्तान. दोघांच्या वाटा बंदराच्या मध्यावर एकमेकींना छेदायच्या. अशा वेळचा नियम सोपा आहे. ज्याला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते त्याने वाट द्यायची आणि दुसऱ्याने वेग किंवा दिशा न बदलता सरळ जायचं. पांढरी बोट हिरवीच्या उजव्या हाताला यायची. त्यामुळे रोज सकाळी धाकटा उजवीकडे वळून तिच्या मागून जायचा आणि थोरला मान न वळवता पुढे निघून जायचा.

मान न वळवण्याला नियमाखेरीज आणखीही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हिरव्या बोटीचा वरचा दिवा बंद होता. थोरल्याने ते पाहिलं आणि बंदर कार्यालयात लेखी कळवलं. धाकट्याला महिनाभर घरी बसावं लागलं.

"एक हाक मारली असतीस तर बल्ब बदलला असता मी," धाकटा म्हणाला होता.

"नियम म्हणजे नियम," थोरला म्हणाला होता.

तेव्हापासून अबोला. बोलणं उरलं ते भोंग्याचं. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे. थोरला सरळच जायचा, त्यामुळे त्याला तेवढंही बोलायची गरज पडत नसे.

मग धाकट्याची बायको गेली. तीन आठवड्यांचं दुखणं, आणि संपलं. ती गेली त्या दिवसापासून थोरल्याची बायको दिवसभर धाकट्याच्या घरी असायची. थोरलाही रोज तिकडे निघायचा. भावाच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं. तिथवर गेला की पाय अडायचे. नुसतं कसं उभं राहायचं, म्हणून तो खोकल्याच्या गोळ्या घ्यायचा आणि परत फिरायचा. चार दिवसांत गोळ्यांची चार पाकिटं झाली. घरात खोकला कुणालाच नव्हता.

"आज आला का नाहीत?" रात्री घरी परतल्यावर बायकोने विचारलं.

"वाटेत होतो."

"चार दिवस वाटेतच आहात तुम्ही."



पंधरा दिवसांनी धाकटा कामावर आला. थोरल्याने दुर्बिणीतून पाहिलं. काचेमागे भाऊ उभा होता आणि त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. ती बघून सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आज तरी त्याला आधी जाऊ द्यावं, असं त्याला वाटलं. त्याने चाक डावीकडे फिरवलं आणि दोन भोंगे दिले.

नेमका त्याच क्षणी धाकटा नेहमीप्रमाणे उजवीकडे वळला आणि त्याने एक भोंगा दिला. एक आणि दोन मिळून ऐकणाऱ्यांना तीन ऐकू आले. तीनचा अर्थ, इंजिन मागे चाललंय. दोन्हीकडच्या खलाशांना वाटलं, समोरचा मागे घेतोय, आणि ते निश्चिंत झाले. प्रत्यक्षात कुणीच मागे जात नव्हतं. दोन्ही बोटी एकमेकींच्या मागून जाण्यासाठी एकमेकींकडेच वळल्या होत्या.

शेवटच्या घटकेला दोघांनीही इंजिनं उलटी फिरवली, म्हणून नुसता धक्का बसला. कुणाला खरचटलंही नाही. पण पांढऱ्या बोटीचा नांगर हिरवीच्या कठड्यात असा अडकला, की काढता निघेना. धक्क्याने दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एकाचा डबा उघडला आणि त्यातल्या सात कवळ्या दोन बोटींवर विखुरल्या. सहा सापडल्या. सातवी शोधायला प्रवासी या बोटीवरून त्या बोटीवर गेले, कठड्याखाली वाकले, आणि कोण कुठल्या बोटीचं हे नंतर कुणालाच सांगता येईना. तासाभराने ओढबोट आली. बोटी सुटल्या, तेव्हा अकरा माणसं चुकीच्या गावाला गेली. त्यांतली एक शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिच्या पिशवीत परीक्षेचे पेपर होते.

दुपारी बंदर कार्यालयात दोघा भावांना एकाच बाकावर बसवलं. चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि समोर सहा पानी अर्ज होता.

"डावीकडे का वळलात?" त्यांनी थोरल्याला विचारलं.



"त्यांना म्हणावं," धाकटा बाईंकडे बघत म्हणाला, "तुम्ही सरळ जायला हवं होतं."

"त्याला म्हणावं, मला माहीत आहे. मीच शिकवलंय त्याला."

"त्यांना विचारा, मग वळलात का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तुमचा भोंगा आहे का? थेट बोला की."

मग थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "ह्याची बायको गेली. मला यायला जमलं नाही. गल्लीपर्यंत यायचो. म्हटलं, आज त्याला पुढे जाऊ द्यावं."

बाईंनी अर्जाची पानं उलटली. "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"कुठल्याच नाही. चूक माझी आहे, एवढंच लिहा."

त्यांनी तेवढंच लिहिलं. थोरल्याला पंधरा दिवस बोट बंद, आणि नियमांचा वर्ग पुन्हा करायचा.

"वर्ग तर तुम्हीच घेता," बाई शिकवणाऱ्यांची यादी बघत म्हणाल्या. "स्वतःचा स्वतः कसा घेणार? पुढचं नाव..." त्या थांबल्या. "पुढचं नाव यांचं आहे."

धाकट्याने तोंडावर हात ठेवला. हसू होतं की दुसरं काही, ते दिसलं नाही.

दोघं जिना उतरून खाली आले. "संध्याकाळी घरी ये, दादा," धाकटा म्हणाला. "तिथेच घेऊ वर्ग. जेवायलाच ये. अजून दोघांपुरतीच भाजी चिरली जाते. हाताला कळत नाही."

थोरला आला. दारापाशी लेडीज चपलांचा जोड अजून तसाच होता, तो त्याने ओलांडला. पुस्तक कुणी उघडलं नाही. धाकट्याने दोन ताटं वाढली. पहिला घास तोंडात घेऊन तोच म्हणाला, "मीठ राहिलं."

"असू दे."

"मी नुसती भाजी चिरून द्यायचो. पुढचं सगळं ती बघायची. हे पंधरा दिवस वहिनी." त्याने मिठाचा डबा शोधला. तो दोन फळ्यांवर सापडला नाही, आणि तिसऱ्या फळीपाशी धाकटा तसाच उभा राहिला, पाठ करून.

थोरल्याने त्याला हाक मारली नाही. त्याची पाठ थरथरायची थांबेपर्यंत तो तीच अळणी भाजी जेवत राहिला, आणि संपल्यावर आणखी वाढून घेतली.