उत्तमनाना आणि मधली जागा

आमच्या मेहरूणच्या कॉलनीत गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवतात आणि उत्तमनानाही टाळ्या वाजवतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांची टाळी पडते तेव्हा नानांचे हात उघडे असतात. सगळ्यांचे हात उघडले की नानांची टाळी पडते. एखाद्या दिवशी चुकलं तर कोणी काही म्हणणार नाही, पण हा माणूस रोज, सकाळ-संध्याकाळ, न चुकता चुकतो. त्यांच्या शेजारी उभा राहणारा पहिल्या कडव्यात गोंधळतो, दुसऱ्यात नानांच्या बाजूला जातो आणि आरती संपेपर्यंत मांडवात दोन पक्ष झालेले असतात.

आरती सांगायचं काम माझ्याकडे. मी गणिताची शिक्षिका होते. नोकरी संपली, शिस्त लावायची खोड संपली नाही. एका संध्याकाळी प्रसाद वाटून झाल्यावर मी नानांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तुमची टाळी मागे पडते. नाना बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "मांगे नही पडत, बाई. मधमा पडस." मग माझ्या अज्ञानाची दया येऊन त्यांनी पुढची माहिती पुरवली. त्याला जॅझ म्हणतात.

जळगावात केळी, डाळ, पाईप यांच्यावर बोलणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील. जॅझवर बोलणारे एकटे उत्तमनाना. त्यातून त्यांचा दावा असा, की हे जॅझ मुंबईत फक्त ऐकलं गेलं, वाढलं ते धुळ्यात, गिरणीत. माझं माहेर धुळ्याचं. गिरणीचा भोंगा ऐकून आमच्याकडे भात शिजायला लागायचा. पण तिथे जॅझ होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नानांच्या म्हणण्याप्रमाणे गिरणीच्या शेठला बॅन्डचा नाद होता. झेंडावंदनाला आणि दसऱ्याच्या यंत्रपूजेला आपलाच बॅन्ड हवा म्हणून त्याने मुंबईहून एक गोवेकर मास्तर आणला. हा डिसोझा मास्तर हॉटेलात वाजवायचा. हॉटेलांचे दिवस फिरले आणि तो धुळ्याच्या उन्हात येऊन पडला. त्याने माग खात्यातले कामगार निवडले, हातात पितळी वाद्यं दिली आणि शेठला दाखवायला दोन-चार कवायतीच्या चाली बसवल्या. पाळी सुटल्यावर कापसाच्या गोदामामागे मात्र तो दुसरंच शिकवायचा. नानांना सॅक्सोफोन मिळाला. त्यांच्याच खात्यातल्या सुकदेवला ट्रम्पेट मिळालं.

मास्तर म्हणे तोंडात बोट घालून बसला, कारण त्याला जे शिकवायला वर्षं लागतील असं वाटलं होतं ते या दोघांना आधीच येत होतं. याचं कारण माग. माग खात्यात शेकडो मागांचा खडखडाट. त्यात बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शब्द टाकायचा, नाहीतर तो मेला. "ठोका तं मागच ली ले," ठोका माग घेऊन टाकतो असं नाना सांगतात, "मंग आमले काय उरस? मधली जागा." माणसं तिथे हसायची, भांडायची, लग्नं ठरवायची, ती सगळी मधल्या जागेत. वाद्य हातात आल्यावर फुंकही तिथेच पडली.

हे खरं किती आणि नानांचं किती, मला ठाऊक नाही. मात्र या सवयीने त्यांच्या बोलण्याचं काय केलं आहे ते आम्ही सगळे रोज बघतो. फोन उचलून नाना गप्प राहतात. समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो आणि त्यानंतर नाना म्हणतात, "बोला." बाजारात याचा उलटा फायदा होतो. भाजीवाली भाव सांगते, नाना तिच्याकडे बघत उभे. ती आपणहून उतरते. नाना अजून उभेच. ती आणखी उतरते आणि वर कोथिंबीर टाकते. नानांनी घासाघीस केलेलीच नसते, ते फक्त बोलायच्या जागेची वाट बघत असतात. त्यांची सून भाजीला त्यांनाच पाठवते.

गिरणी बंद पडली. मास्तर कुठे गेला कोणालाच कळलं नाही. नाना जळगावला पाईपच्या कारखान्यात लागले, सुकदेव धुळ्यातच हमाली करत राहिला. पण लग्नसराईत दोघं एकाच बॅन्डमध्ये वाजवायचे. गाण्याची एक ओळ नाना वाजवणार, थांबणार, त्या जागेत सुकदेव आपलं ट्रम्पेट घुसवणार. लोक नाचायचे थांबून बघत बसायचे, असं नाना अभिमानाने सांगतात. वरातीत लोक नाचायचे थांबले हे बॅन्डमालकाला फारसं आवडत नसणार, पण नानांच्या ते गावी नाही.

एरंडोलकडच्या एका लग्नात मात्र कहर झाला. शेवटचं मंगलाष्टक संपलं, सावधान झालं, अक्षता पडल्या. अशा वेळी बॅन्ड कसा धडाडून वाजायला पाहिजे. पण या दोघांचं आधीच ठरलं होतं, की आज अक्षतांनंतर जरा जागा सोडू. बॅन्ड गप्प. नवरदेवाचे हात हारासकट वर. भटजींना वाटलं आपलं काहीतरी चुकलं, त्यांनी पुन्हा सावधान म्हटलं. लोकांनी पुन्हा अक्षता टाकल्या. नवरीचा मामा मुहूर्त टळला म्हणून ओरडत मांडवातून धावला आणि तेवढ्यात सुकदेवने जे ट्रम्पेट सोडलं, ते मामाच्या कानाशीच. बॅन्डमालकाने दोघांना त्या दिवशीच गाडीवरून उतरवलं. नानांना अजूनही त्याचं काही वाटत नाही. "बठ्ठाच वाजाडतीन तं ऐकी कोन?" सगळेच वाजवायला लागले तर ऐकणार कोण, असं विचारतात.

आता वरातीत डीजे असतो आणि त्यात जागा नसते. नाना संध्याकाळी गच्चीवर जातात, जुन्या धोतरात गुंडाळलेला सॅक्सोफोन काढतात आणि वाजवतात. एक ओळ वाजवतात आणि थांबतात. पहिल्या पहिल्यांदा त्यांची सून जिन्यावरून धावत वर जायची, सासरे पडले की काय बघायला. मला वाटायचं दम संपला, किंवा चाल विसरले. मी शेजारच्या माझ्या गच्चीच्या कठड्यावरून तसं म्हटलंही. नाना थांबले, हसले आणि म्हणाले, "आते सुकदेवनी पाळी शे."

सुकदेव सोनगीरला लेकीकडे राहतो. काही वर्षांपूर्वी त्याला लकव्याचा झटका आला, डावी बाजू गेली, ओठ एकीकडे ओढले गेले. ट्रम्पेट ओठांवर वाजतं. ते संपलं. नाना त्याला तेव्हापासून भेटलेच नव्हते. मी दर महिन्याला गाडीने धुळ्याला जाते, तिथून सोनगीर ते कितीसं? मी दरवेळी विचारायचे आणि नानांकडे दरवेळी नवं कारण असायचं. गुडघा, ऊन, रस्त्याचं काम, पारोळ्याच्या पुढे त्यांना म्हणे गाडी लागते. मला रागच आला एकदा. मित्र अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही गुडघा काय सांगता, असं मी तोंडावर बोलले.

"तठे तो वाजाडनार नही, बाई," ते म्हणाले. "आठे तं रोज वाजाडस."

तिथे गेलं तर जागा रिकामी दिसणार होती. इथे गच्चीवर ती रोज भरलेली होती. माणूस मित्राला टाळत नव्हता, जपत होता.

मग गेल्या हिवाळ्यात सुकदेवच्या लेकीचा फोन आला. तिने हॅलो हॅलो करून फोन ठेवला नाही, बापाचीही तीच सवय तिला माहीत असणार. आबा रोज तुमचं नाव काढतात, एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या गाडीपाशी उभे होते, काखेत धोतरातलं बोचकं. पारोळ्याच्या पुढे त्यांना गाडी लागली नाही.

सोनगीरला अंगणात उन्हाला खाट टाकलेली. सुकदेव उशीला टेकून बसलेला, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. दारातल्या खुंटीवर ट्रम्पेट टांगलेलं, सोनगीरच्याच तांबटाने पोचे काढून लख्ख केलेलं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. लेकीने चहा आणला, तो प्यायला. शेवटी नानांनी बोचकं सोडलं.

आणि नानांनी सरळ वाजवायला सुरुवात केली. मी चमकले. एका ओळीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, मध्ये श्वासापुरतीही फट नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना असं वाजवताना ऐकलं नव्हतं. सुकदेवला रिकामी जागा दिसू नये म्हणून ते सगळं भरून काढत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

सुकदेवने उजव्या हाताने खाटेच्या माच्यावर थाप मारली. पुन्हा मारली. नाना थांबले. सुकदेवचे शब्द अडखळत, एकेक सुटा करत आले, पण सगळ्यांना कळले.

"उत्तम, मनी जागा कोठे शे?"

सुकदेव आपली जागा मागत होता. नानांनी मान खाली घातली. सॅक्सोफोनच्या तोंडाची पट्टी उगीचच पुसली. मग तीच ओळ पुन्हा घेतली, सावकाश, आणि थांबले.

अंगणात काही वाजलं नाही. सुकदेवचे डोळे मिटलेले होते, आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं, ट्रम्पेटच्या तीन कळा दाबावी तशी, गोधडीवर खालीवर होत होती, भराभर, मग एक बराच वेळ दाबलेलं, मग पुन्हा तिन्ही. मला गोधडी दिसत होती. नाना ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी खुशीत मान हलवली, दाद द्यायला हलवतात तशी. बोटं थांबली आणि त्यांनी पुढची ओळ उचलली. दुपारचं ऊन अंगणातून सरकेपर्यंत ते चाललं होतं.

परतताना नाना खिडकीबाहेर बघत होते. एरंडोल गेलं. मग म्हणाले, "आज सुकदेव जरा जास्तीच रंगना."

मला बरंच काही म्हणायचं होतं. पण मी गाडी चालवत राहिले आणि लगेच काही बोलले नाही.