खानझोडेकाकांचं नववं पुस्तक

खानझोडेकाका स्वतःकडेच रजेचा अर्ज करतात. लिहायचा कंटाळा आला की सकाळी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून टेबलाशी बसतात आणि लिहितात, 'गुडघा दुखत असल्याने आज लेखन करू शकत नाही.' मग उठून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जातात, तोच अर्ज साहेब होऊन वाचतात आणि शेरा मारतात, 'गुडघ्याने लिहायचे नाही. नामंजूर.' परत अलीकडे येऊन मुकाट्याने लिहू लागतात.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. जयपूरमध्ये, जगतपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवते. मालवीय नगरच्या या घरात आले तेव्हा टेम्पोतून सामान उतरायच्या आत त्यांनी माझ्या हातात आपलं एक पुस्तक ठेवलं. शेवटी एक कोरं पान होतं. ते दाखवून म्हणाले, आवडलं तर सांगू नका, काय नाही आवडलं ते इथे लिहा. विमा कंपनीत जन्म गेलेला माणूस, तक्रारीशिवाय त्यांना करमत नसे.

काका मूळचे अमरावतीचे. बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. त्यांचं वऱ्हाडी 'करून राहिलो' कायम राहिलं, शेजारी हिंदी 'मतलब' येऊन बसलं. काकू गेल्यापासून एकटेच असतात. आठ पुस्तकं लिहिली, स्वतः टाइप केली, स्वतः छापून घेतली, स्कूटरवरून घरोघरी पोचवली. प्रकाशक का नाही शोधला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माझ्या अन् वाचकाच्या मधात मले कोणी नको."

अडचण एवढीच होती, की मधे कोणी नव्हतं तसं पलीकडेही फारसं कोणी नव्हतं. आमच्या मराठी मंडळात पुस्तकांचं एक कपाट आहे. गेल्या वर्षीच्या सभेत अध्यक्षांनी सुचवलं, की कपाट काढून टाकू, तिथे खुर्च्या ठेवता येतील. मोठ्यांना वेळ नाही आणि मुलांना मराठी वाचता येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका उभे राहिले. गुढीपाडव्यापर्यंत थांबा, म्हणाले. पाडव्याच्या कार्यक्रमात इथल्याच मुलांपैकी कोणी या व्यासपीठावर मराठी पुस्तक वाचेल आणि लोक ऐकतील. नाही ऐकलं, तर कपाट मी स्वतः उचलून नेईन.

घरी आल्यावर त्यांनी नवव्या पुस्तकाला सुरुवात केली. इथलंच सगळं लिहिलं. जवळच्या कानोता धरणावर सहलीला गेल्यावर माकडाने पळवलेला पुरणपोळीचा डबा, शेजाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी समजावून सांगताना झालेली दमछाक, बदल्यांच्या गावी लावलेली आणि तिथेच सोडून आलेली झाडं. पहिलं प्रकरण त्यांनी माझ्या विद्यार्थिनीला दिलं. तन्वी जन्मापासून जयपूरची, वडील बँकेत. घरी मराठी बोलते, पण निम्मं वाक्य हिंदीत जातं. अडेल त्या शब्दाखाली रेघ मार, असं काकांनी तिला सांगितलं होतं.

तिने एक्केचाळीस रेघा मारल्या.

काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांची रजा त्यांनी स्वतःला विनाचौकशी मंजूर केली. तिसऱ्या दिवशी तन्वीला बोलावून घेतलं आणि 'तथापि'ऐवजी काय लिहू, असं विचारलं. ती म्हणाली, "काका, 'पण' लिहा ना. सिंपल." काकांनी 'पण' लिहिलं. पुढे दर रविवारी ती यायची, रेघा मारायची, काका भांडायचे आणि मग बदलायचे. एकदा जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले, "पोरीचं बरोबर असते. आठ पुस्तकं मी साहेबांसाठीच लिहून राहिलो होतो."

पाडव्याला हॉल भरला होता, पण जेवणासाठी. तन्वी माइकसमोर आली तेव्हा मागे ताटांची मांडामांड चालली होती. ती अडखळत वाचू लागली. 'ळ'चा 'ल' होत होता. काका पहिल्या रांगेत ताठ बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. माकडाने डबा उघडला तिथे कोणीतरी फिसकन हसलं. मग रांगच्या रांग हसली. ताटांचा आवाज थांबला. तन्वी सोडून आलेल्या झाडांच्या मजकुरापाशी आली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या पाच बदल्या झाल्या होत्या. वाचन संपलं तरी लोक बसूनच. शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, की पुढचं प्रकरण आहे का. जेवणं तासभर उशिरा झाली. कपाट राहिलं, आणि त्या दिवशी सात मुलांनी त्यातून पुस्तकं नेली. काकांनी दोन वेळा श्रीखंड मागून घेतलं आणि कोणाचंच कौतुक ऐकून घेतलं नाही. प्रत्येकाला विचारत राहिले, काय नाही आवडलं.

पुढच्या रविवारी अभिनंदनाचा हार घेऊन मी खाली गेले. दार उघडंच होतं. काका फोनवर होते, नववं पुस्तक मांडीवर उघडं. मुलगा अमेय बंगळुरूहून बोलत होता, त्यालाही त्यांनी एक प्रत पाठवली होती. तो जयपूरच्या शाळांत वाढलेला. बापाच्या आठांपैकी एकही पुस्तक त्याला वाचायला जमलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी खूण करून मला बसवलं.

फोन स्पीकरवर होता. अमेय एक ओळ अक्षर जोडत वाचत होता, 'मुलगा चित्रं काढायचा, आणि मी चारचौघांत त्याच्या चित्रांची चेष्टा केली.' मग म्हणाला, "मतलब, तुम्ही पण चित्रं काढायची कोशिश केली?"

काकांनी चष्मा काढला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, असं त्यांनी आधी शांतपणे समजावलं. मराठीत त्याचा अर्थ हसणं, टर उडवणं.

पलीकडे अमेयने तीच ओळ पुन्हा एकदा वाचली.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"हो रे," काका म्हणाले. "माझं चुकलं होतं. तोंडाने बोलता नाही आलं, म्हणून लिहिलं."

मी उठून निघाले. जिन्यात येईपर्यंत मला अमेयचा आवाज ऐकू येत होता. तो पुढची ओळ वाचत होता.