ताईचा तास आणि कावळा

कावळा शिवतो म्हणजे नक्की काय करतो?

मी नऊ वर्षांचा होतो. शुभाताई चार दिवस वेगळ्या चटईवर बसलेली. आई म्हणाली, तिला कावळा शिवला. मी हा प्रश्न विचारला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, आईने पाठीत धपाटा घातला. (कावळा टेलर असणार, असं मी ठरवून टाकलं.)

पुढे ताई मुलुंडच्या एका प्राथमिक शाळेत बाई झाली. चौथीच्या पोरांना शरीराची ओळख करून द्यायचा तास ती दर वर्षी घ्यायची. मी सातवीत शाळा सोडून एसी दुरुस्त करायला लागलो. गेल्या महिन्यात डेंग्यूने पाच दिवसांत ताई गेली. या वर्षीचा तास राहिला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावोजी म्हणाले, "शुभा, तंबाखू सोडतो." कावळ्याने पाठ फिरवली. (तोही त्यांना ओळखत असावा.) आई रडत म्हणाली, "शिव गो बाय, मनालीक मी सांभाळतंय!" मनाली ताईची मुलगी, त्याच चौथीत. कावळा ढिम्म. मला राहवेना. ओरडलो, "ताई, तुझा तो तास मी घेतो!"

झपकन कावळा पिंडावर.

मुख्याध्यापिका रेवतीबाईंनी बजावलं, "शुभाची वही वाचायची. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"टेन्शन नको, बाई. ते चालतच नाही."

वहीत पहिलंच वाक्य होतं : विचारणाऱ्याला गप्प करायचं नाही. ते मी वर्गापुढे मोठ्याने वाचलं. तेवढ्यात मनालीने हात वर केला.

"मामा, आजी म्हणते, मोठं झालं की मुलींना कावळा शिवतो. आईला पण दहाव्याला शिवला ना? मग मी पण मरणार?"

लपायला माझ्याकडे पेपरही नव्हता.

"नाही गं. तो कावळा पिंडाचा. हा नुसता म्हणायचा, खोटा. मुली मोठ्या झाल्या की दर महिन्याला अंगातून थोडं रक्त जातं. कुणी शिवत नाही, कुणी मरत नाही. हे बघ, आईनेच लिहिलंय."

तिने ते वाचलं. बोट ठेवून, दोनदा. मग श्वास सोडला.

मला एकदम जोर आला. खडू घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : मोठं झालं की पाली येते.

अर्धा वर्ग छताकडे बघायला लागला. दोघी बाकावर चढल्या. "काका, कुठाय पाल?"

"मामा, ळ! पाळी!" मनाली महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

"दहा वेळा लिहा," मागून रेवतीबाई म्हणाल्या.

मनालीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि ताईच्या वहीच्या शेवटच्या पानावर दहा वेळा लिहिलं. मनाली मोजत होती.

नवव्यांदा पुन्हा पालच निघाली.