बदकाला पडंल एवढा धक्का

साध्य गाठायच्या आधी साधन ठरलेलं असावं, हे तत्त्व कोल्हापुरात जितक्या मनापासून पाळलं जातं तितकं दुसरीकडे क्वचितच पाळलं जात असेल. मंगळवार पेठेतलं 'पाणपक्षी शिकार अभ्यास मंडळ' हे त्याचं उत्तम उदाहरण. मंडळ स्थापन झालं तेव्हा शिकारीवर कायद्यानं बंदी येऊन बरीच वर्षं लोटली होती, त्यामुळे काम घाईघाईत उरकायची भीती नव्हती. उद्या सरकारला सुबुद्धी झाली, बंदी उठली, आणि नेमकी त्या दिवशी आपली बंदूक ठरलेली नसली, तर पेठेची काय अब्रू राहील? या दूरदृष्टीपोटी मंडळ दर रविवारी बसत असे. बसल्यावर मटण होत असे, पण ते आनुषंगिक.

सभासदांपैकी निम्म्यांनी उडतं बदक प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. पाडलेलं एकट्या आबांनी. (ते बसलेलं होतं. पाळलेलंही होतं, पण ते आबांना नंतर कळलं.) मंडळाची बंदूक म्हणजे या आबांची जुनी दुनळी. ती मागं एका निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली होती. निवडणूक झाल्यावर ती परत आणायची असते हे आबांना ठाऊक होतं; पण पुढची निवडणूक येणारच आहे, उगाच हेलपाटा कशाला, असा त्यांचा पोक्त विचार होता.

१९९९ साली गुंडूच्या मेहुण्यानं मस्कतहून एक कॅटलॉग आणला आणि मंडळाच्या कार्याला दिशा मिळाली. गुंडूचं टायरचं दुकान होतं. त्याच्या शेजारी कृष्णातचं लेथचं वर्कशॉप, तिथं इचलकरंजीच्या मागांचे सुटे भाग बनत. दोघांची मैत्री बालवाडीपासूनची. कॅटलॉगात एकेक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या बंदुका होत्या, आणि त्यांचे प्रकार दोन होते. प्रकार एकच असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिली गॅसवर चालणारी. बार उडाला की नळीतला थोडा धूर मागं वळतो, दट्ट्याला ढकलतो, आणि दट्ट्या रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घेतो. खांद्याला त्रास कमी. पण काजळी धरते, सारखी पुसावी लागते. दुसरी धक्क्यावर चालणारी. बंदूक मागं येते, आतला जड ठोकळा जागेवरच राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि उसळून तेच काम करते. हलकी, स्वच्छ; पण खांदा सडकून निघतो, आणि काडतूस हलकं असलं तर अडकते.

गुंडूला गॅस पटला. कृष्णातनं आयुष्यभर लोखंड कातलेलं. ज्याला धक्का सोसत नाही त्यानं बंदूक धरूच नये, असं त्याचं मत पडलं. महिन्याभरात मंडळात गॅसवाले आणि धक्केवाले असे दोन पक्ष झाले. रविवारची बैठक दोन ठिकाणी भरू लागली. मंडळाच्या मालमत्तेची वाटणी सामोपचारानं झाली: मोठं पातेलं आणि तांबडा रस्सा करणारा केरबा गॅसवाल्यांकडे गेला, कॅटलॉग आणि पांढरा रस्सा करणाऱ्या चिमणाबाई धक्केवाल्यांकडे आल्या. दोन्ही बाजू नुसत्या एका रश्श्यावर भाकरी खाऊ लागल्या. तत्त्वासाठी एवढा त्याग कोल्हापुरानं पूर्वी पाहिला नव्हता. कृष्णातला तांबडा आठवायचा, गुंडूही आठवायचा. पण आधी बोलायचं कुणी?

शेवटी प्रात्यक्षिकच घ्यावं असा तोडगा आबांनी काढला. बंदूक नसल्यामुळे प्रात्यक्षिकात अडचण येण्यासारखं काही नव्हतं. तालमीच्या लाल मातीत कृष्णात आणि गुंडू समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या खांद्याला कुदळीचा एकेक दांडा. गुंडूच्या दांड्यामागं दुकानातली हवा भरलेली ट्यूब (गॅस), कृष्णातच्या मागं काहीच नाही (धक्का). बार म्हणून पिराजी पैलवान.

गुंडूच्या दांड्यावर पिराजीनं थाप मारली. गुंडू किंचित हलला आणि हसला. मग पिराजी कृष्णातकडे वळला.

"किती जोरात मारू, अण्णा?"

"बदकाला पडंल एवढा."

पिराजीनं बदक कधी पाडलं नव्हतं. त्यानं आजवर जे पाडलं होतं त्याच अंदाजानं हात घातला. खांद्यातून कट्‌ असा आवाज आला, तो भिंतीकडेच्या लोकांनासुद्धा ऐकू गेला.

"लागलं काय रं?" गुंडू पक्ष विसरून धावला.

"ह्या! गुदगुल्या झाल्या," कृष्णात म्हणाला, आणि उजवा हात खिशात घालून सावकाश घरी गेला.

मागाचे भाग पोचवायला म्हणून तो इचलकरंजीला गेला आणि तिथं फोटो काढला. गळपट्टीचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायला सांगितला. गळ्यात हात बांधून मंगळवार पेठेत शिरणं म्हणजे गॅसवाल्यांना सत्कार करून घ्यायला बोलावण्यासारखं होतं. कृष्णातनं कोट शिवला आणि हात खिशातच ठेवला. वैशाखात कोट घालण्याची ही पेठेतली पहिलीच वेळ.

अडचण एवढीच होती, की पंधरवड्यावर त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न आलं होतं. अक्षता उजव्या हातानं टाकाव्या लागतात. डाव्या हाताचं नाव काढताच त्याची बायको शालूबाई म्हणाली, "डाव्या हातानं टाकायचं आसंल तर मांडवात येऊच नगा." याच उजव्या खांद्यावर बसवून त्यानं पोरीला फुटबॉलच्या मॅच दाखवल्या होत्या. तिच्या डोक्यावर आपल्या हातच्या अक्षता पडाव्यात, याहून दुसरं त्याला काही नको होतं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी पोरगी जवळ येऊन बसली.

"आप्पा, दुखतंय म्हणून सांगा की सगळ्यास्नी."

"सांगितलं तर गॅसवालं जिंकत्यात."

"जिंकू द्यात की. त्येंच्याकडं तरी बंदूक कुठं हाय?"

हे कृष्णातला पटलं. पटलं म्हणूनच राग आला, आणि तो कोटाची बटणं लावून बाहेर निघून गेला.

लग्नाला दोन्ही पक्ष झाडून हजर होते. गॅसवाल्यांनी आहेर पटापट उरकले आणि कृष्णातचा उजवा हात दिसेल अशा बेतानं जागा धरल्या. जवळून पाहणी करण्यासाठी त्यांनी खुद्द गुंडूला कृष्णातच्या शेजारी उभं केलं होतं. धक्केवाले समोर, चेहऱ्यावर विश्वास. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा शे-दीडशे माणसं एका कोपराकडे पाहत होती. अंतरपाटाच्या अलीकडून मान तिरकी करून पोरगी मात्र बापाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटचं सावधान झालं. कृष्णातनं मूठ उचलली. छातीपर्यंत आली आणि अडकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, त्याची मूठ तिथंच. गुंडूनं इकडे-तिकडे पाहिलं नाही. त्यानं खालून कृष्णातच्या कोपराला तळवा लावला आणि वर ढकललं. कृष्णात ओरडला, पण मूठ सुटली आणि चार दाणे पोरीच्या डोक्यावर पडले.

पुढच्या रविवारी दोन्ही पक्षांनी निष्कर्ष जाहीर केले. खालून दाब दिल्याशिवाय धक्का पद्धत पूर्ण होत नाही, हे सिद्ध झालं, असं गॅसवाले म्हणाले. मूठभर तांदूळ हे हलकं काडतूस आहे आणि हलक्या काडतुसानं अडकते हे कॅटलॉगातच दिलेलं आहे, असं धक्केवाले म्हणाले. विरोधकाला यांत्रिक मदत केल्याबद्दल गुंडूला, आणि ती घेतल्याबद्दल कृष्णातला, आपापल्या पक्षातून काढून टाकण्यात आलं. हल्ली ते दोघं वर्कशॉपच्या पायरीवर बसून दोन्ही रस्से खातात. मंडळाच्या दृष्टीनं त्यांच्या मताला आता किंमत नाही.

या धांदलीत एक बारीक गोष्ट राहून गेली. आबांचं नाव आलं, पैलवानाचं आलं, रस्सा करणाऱ्यांचीसुद्धा आली. वधूचं नाव आलं नाही, आणि तिनं हार कुणाच्या गळ्यात घातला तेही आलं नाही. कुणी विचारलं असतं तर जरूर सांगितलं असतं. पण सुज्ञ वाचकांनीही विचारलं नाही. त्यांचंही बरोबरच आहे. गॅसची घ्यावी की धक्क्याची, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं आहे.