इंजिन फिटरच्या घरची गळती

पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमधले फिटर किशनराव स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडले होते, आणि बरोब्बर कपाळाच्या मधोमध एक थेंब टपकला. सलग चौथ्या दिवशी.

"आजबी?" कुसुमबाईंनी वरून विचारलं.

"काल तर पाना लावून आवळला व्हता की गं!"

हा अपमान साधा नव्हता. सव्वीस वर्षांत किशनरावांनी आवळलेल्या एकाही इंजिनातून वाफ फुसफुसली नव्हती. उभा ओटा आणि सिंक घालणारं गल्लीतलं पहिलं घरही त्यांचंच. बायका येऊन तांब्याभर पाणी ओतून बघायच्या आणि ते गडप झालं की तोंडाला पदर लावायच्या. हेच नवल बघायला रविवारी ड्रायव्हर भगवानराव जेवायला यायचे होते. त्यांना गळती दिसली असती, तर ती औरंगाबादपर्यंत प्रत्येक स्टेशनावर पोचली असती.

सोमवारी किशनरावांनी वायसर बदललं. मंगळवारी सूत गुंडाळून सफेदा चोपडला. बुधवारी शेडमधला हातभर लांब पाना आणून, भिंतीला पाय देऊन नट आवळला. संध्याकाळी नळी ठणठणीत कोरडी. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून यावं, तर खालची बादली काठोकाठ भरलेली.

हळूहळू त्यांचा राग ओसरला आणि मनात चक्क आदर उपजला. अशी गळती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"हिला अक्कल हाय," ते चहा पिता पिता म्हणाले. "आवळली की रातभर गपगार बसती, मी ड्युटीवर गेलो की सुटती."

"जाऊ दे रं किशना," त्यांची आई बायनाबाई भरलेली बादली उचलून परसाकडे जात म्हणाली, "थेंबानं काय घर बुडायलंय का?"

शनिवारी किशनराव डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले आणि दारातच थबकले. सत्तरी गाठलेली बायनाबाई सिंकखाली फतकल मारून बसली होती. हातात दुधाचं पातेलं उतरवायची सांडशी.

"माय!"

"गप. मोजू दे." तिनं कान देऊन थेंब ऐकले. "अर्धाच आटा ढिला करावा लागतंय. जास्ती झाला की धार लागती, मग सुनेला कळतंय."

"अगं पण कामून?"

"तुझी नळी समदं पाणी गटारीत नेती. चुडावा गावात घागर घागर डोक्यावर आणलंय म्या. भांडी घासल्याचं राखेचं पाणी हाय, वांग्याला लय मानवतंय. तू परसात पाणी सोडणारी मोरी बुजवलीस, तवा माझ्या झाडांनी माना टाकल्या. तुला दिसलं का?"

त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी परसात डोकावून पाहिलं. मे महिन्याच्या त्या उन्हात सगळं करपलेलं, आणि मधे वांग्याची चार झाडं हिरवीगार, जांभळ्या फळांनी लगडलेली. आठवडाभर आपण हीच भाजी खातोय, हे आठवून त्यांना लाज वाटली.

"पर हा नट तुला सुटला कसा? म्या भिंतीला पाय देऊन आवळला व्हता!"

"नुसत्या जोरानं न्हाई व्हत. आधी वरवंट्यानं जरा ठोकायचं."

किशनराव बघतच राहिले. शेडमध्ये दहा वर्षं घासलेल्या माणसालाही अर्ध्या आट्याचा असा अंदाज नव्हता.

रविवारी सकाळी बायनाबाईच म्हणाली, "आज आवळून टाक. पावणं यायलेत, तुझी इज्जत जाईल." किशनराव पाना घेऊन सिंकखाली शिरले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले.

दुपारी भगवानराव हात धुवायला सिंकपाशी गेले, वाकले आणि खदाखदा हसले. "वा रे फिटर! इंजिनाची वाफ धरता अन् खरकटं पाणी धरता येईना?"

बायनाबाईनं चमकून लेकाकडे पाहिलं. खाली बादलीत टप टप चाललं होतं.

"लय बेरकी गळती हाय, भगवानराव," किशनराव पाटावर बसत म्हणाले. "आपण हार मानली."

ही बातमी कुठवर जाणार हे त्यांना ठाऊक होतं. भगवानरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं हसू थांबलं.

"वयनी, वांगी लय झकास! गंगाखेडच्या बाजारची का?"

"न्हाई," किशनराव म्हणाले. "गळतीची."

बायनाबाईनं न विचारता सगळ्यात मोठं वांगं लेकाच्या ताटात वाढलं.