नृपसंजीवनीच्या परीक्षेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याच्या कृपेने वेलीस पाने फुटतात आणि दिवाणांस युक्त्या सुचतात, त्यास नमन करोन ही हकीकत मांडिली असे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, एका थोर राज्यात (नाव सांगावे तर राज्यास राग येतो) महाराजांस कावीळ जाहली. तेव्हा राजवैद्य नागोपंत यांनी डोंगरातील एका रानवेलीचा काढा दिला आणि महाराज महिन्याभरात बरे जाहले. मग त्या वेलीचे भाग्य उजळले. काल जीस शेळ्या खात होत्या तीस नृपसंजीवनी ऐसा किताब मिळाला, दोन भालदार मिळाले, आणि शेळ्यांस डोंगरबंदी जाहली.

सर्व राज्य संतुष्ट होते, एक नागोपंत सोडोन. त्यांस विचार करण्याची खोड होती. काढा पिऊन बरे जाहले ते त्यांस आठवत, आणि पिऊन मेले तेही आठवत. आणि ज्यांस वैद्य परवडत नव्हता म्हणोन जे काही न पिता बरे जाहले, ते तर झोपू देत नसत. त्यात घरी त्यांची वडील बहीण भागीरथीअक्का, जिने आईमागे त्यांस वाढविले, तीच काविळीने अंथरुणास खिळली. काढा मोठा जहाल. प्यालेल्यास पहिले तीन दिवस अन्न उतरत नसे, आणि अक्का आधीच काडी जाहली होती. द्यावा तर तीन दिवसांनी मरेल, न द्यावा तर कदाचित काविळीने मरेल. तेव्हा काढ्याचा गुण खरा की खोटा हे कळल्यावाचून गती नाही, ऐसे जाणोन ते दरबारी गेले आणि परीक्षेची परवानगी मागितली.

दिवाण खंडोपंत म्हणाले, "शंका कोणास आली?"

"मलाच."

"औषध तुमचे आणि शंकाही तुमचीच? मग घरातले भांडण दरबारात कशास आणिले?"

परंतु महाराजांस वाटले की परीक्षेने कीर्ती वाढेल, आणि आज्ञा जाहली. मग एक रिकामी पागा झाडोन काविळीचे रोगी चिठ्ठ्या टाकोन दोन भिंतींशी निजविले. पूर्वेच्या भिंतीस खरा काढा, पश्चिमेच्या भिंतीस त्याच रंगाचे नुसते कडू पाणी, आणि कोणास काय हे नागोपंतांवाचून कोणास ठाऊक नाही. एका सरदारांचे मेहुणे धडधाकट असता पूर्वेस गादी मागोन बसले. म्हणाले, रोग नसला तरी मान आहे. तोही चालविला. आणि नागोपंत रोज डोळे पाहात, नाडी पाहात, घरी येऊन अक्काचे डोळे पाहात, आणि मनात म्हणत, थोडे थांब, आता कळेल.

परीक्षेचा महिना सरला. दोन्ही भिंतींशी बहुतेक उठोन बसले आणि थोडे मेले, ते दोन्हीकडे सारखेच. तेव्हा काढा व्यर्थ, ऐसे म्हणावे तोच पूर्वेचा सटवाजी बारगीर पश्चिमेच्या लाडोबा साळ्यास आपला वाटा पाजताना नागोपंतांनी पाहिला.

"अरे, हे काय करतोस?"

"वैद्यबुवा, याच्या घशाला जळजळ होईना. तवाच वळखलं, याला पाणीच देत्यात. समोर मानूस पडलेला, आन् आपण एकट्यानं औषध ढोसायचं? आमच्यात तसली रीत न्हाई."

"रोज पाजलेस?"

"रोज. आन् सगळेच पाजत्यात की."

लाडोबा म्हणाला, "फुकट न्हाई हो! माझं पानी त्यांना देतो. त्यानं घसा गार पडतो. औषध तुमचं, उतारा बी तुमचाच!"

मेहुणे तेवढे आपले कोणास देत नव्हते. ते पीतही नव्हते.

नागोपंतांनी कपाळास हात लाविला. राज्यात कोणी कोणास ओंजळभर पाणी देईना म्हणोन दरबारी नित्य तक्रारी येत, आणि जेथे न द्यावे तेथे प्रजेस परोपकार सुचला! मग ते दिवाणांकडे गेले आणि म्हणाले, "काही कळले नाही. पुन्हा करावे लागेल."

दिवाण म्हणाले, "कळले कसे नाही? ज्यांस नुसते पाणी दिले तेही बरे जाहले. समोरच्या भिंतीपर्यंत गुण जातो, ऐसे औषध त्रिभुवनात आहे काय?"

आणि चौघडा वाजला. मग हुकूम सुटला की राज्यातील प्रत्येक काविळीच्या रोग्याने काढा प्यालाच पाहिजे. आणि पहिला मान राजवैद्यांच्या घराचा म्हणोन भर दुपारी पालखीत घालोन काढ्याचा घडा अक्काच्या दारी आला. भोई ओसरीत बसले आणि नागोपंत पेला भरोन आत गेले.

अक्का म्हणाली, "नागू, हे पिऊन मी वाचेन का रे?"

हजारांस होय म्हणालेले तोंड, पण तेथे होय निघेना. मग म्हणाले, "अक्का, मला माहीत नाही."

"आणि नाही प्यायले तर?"

"तेही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की तीन दिवस अन्न जाणार नाही, आणि तुझ्यात तीन दिवसांचं बळ नाही."

"मग हे सांगायला इतके दिवस का लागले? ओत परसात, आणि पेज टाक चुलीवर. मीठ बेताने घाल. तुझा हात जड आहे."

नागोपंतांनी ओतिले. पुढले दिवस ते पेज भरवीत आणि प्रत्येक घासास आपण बहिणीस मारितो की तारितो ऐसे मनात म्हणत. पुढे डोळ्यांची हळद उतरली आणि अक्का उठोन त्यांच्या स्वयंपाकास नावे ठेवू लागली. लगेच दरबाराने हत्तीवरोन साखर वाटिली की नृपसंजीवनीने राजवैद्यांची बहीण उठली. तेव्हा नागोपंतांनी भर दरबारी सांगितले, "ती प्याली नाही."

दिवाण म्हणाले, "मग तिला कावीळ नव्हतीच."

"मी राजवैद्य आहे. कावीळ होती."

महाराज पुढे झुकोन म्हणाले, "मग आम्ही कशाने बरे जाहलो?"

"तेही माहीत नाही, महाराज."

ऐसे उत्तर त्या दरबारात पूर्वी कोणी दिले नव्हते. कित्येकांस तो शब्द शिवी वाटला. मग वैद्यकी गेली, वाडा गेला, आणि बहीणभाऊ बैलगाडीत बसोन सरहद्दीच्या नदीपार गेले. तेथे नागोपंतांनी पुन्हा परीक्षा मांडिली. या खेपेस दोन भिंती न घेता दोन गावे घेतली, एक अलीकडे, हुकुमाने काढा पिणारे, एक पलीकडे, कडू पाणी पिणारे, मध्ये नदी. आणि अक्का रोज घाटावर उभी राहोन नावाड्यास बजावी, "माणसं ने, गुरं ने. तांब्या कोणाचा नेलास तर बघ!"

एणेप्रमाणे हकीकत जाहली. राज्यात काढा अद्याप चालतो: जो पिऊन वाचतो तो काढ्याने, जो पिऊन मरतो तो अश्रद्धेने, जो न पिता मरतो तो हुकूम मोडल्याने, आणि जो न पिता वाचतो त्यास रोगच नव्हता. नदीपारच्या परीक्षेत पुढे खरे काय ते कळले. राज्यातून विचारावयास कोणी गेले नाही. इति.