थेट पोटातून

माणसाला आतून ओळखणे हे सर्व शास्त्रांचे अंतिम ध्येय आहे. ऋषिमुनींना त्यासाठी तप करावे लागले. बुलढाण्याच्या एका खाजगी रुग्णालयाने (नाव देत नाही, पाटी पुरेशी मोठी आहे) त्यासाठी मशीन आणले आणि नातेवाइकांच्या सोयीसाठी बाहेरच्या हॉलमध्ये टीव्ही लावला.

मशीनची थोरवी वादातीत आहे. पोटाच्या कॅन्सरचे ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या शिरेत एक औषध टोचतात, दिवे मालवतात, आणि मग जिथे जिथे रक्त पोचते ती ती वाहिनी खास कॅमेऱ्याला हिरवीगार झळकताना दिसते. गाठ कुठून रक्त पिते, आतडे कुठे कापावे, जोडलेल्या टोकांना रक्त मिळते की नाही, हे सर्जनला त्याच क्षणी कळते. पूर्वी यातले बरेचसे नजरेच्या अंदाजाने चाले.

नातेवाइकांचेही पूर्वी अंदाजानेच चाले. ऑपरेशन संपले की डॉक्टर दारात येऊन ट्रेमधला गोळा दाखवत. नातेवाईक तो पाहून मान हलवत आणि ऑपरेशन झाल्याचे मान्य करत. गोळा न दाखवता केलेले ऑपरेशन आपल्याकडे ग्राह्य धरत नाहीत. पण या पद्धतीत एक उणीव होती. गोळा आपल्याच माणसाचा कशावरून? थेट प्रक्षेपणाने ही शंका कायमची मिटेल, असे व्यवस्थापनाला वाटले.

बीबी गावचे उत्तमराव त्या दिवशी टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या, मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. सकाळी स्ट्रेचरवरून आत जाताना ती एवढेच म्हणाली होती, "म्हशीले पाणी दाखवाले सांगजा." म्हैस तीन वर्षांपूर्वीच विकली होती. तरी उत्तमरावांनी "सांगतो" म्हटले होते.

त्यांच्या मागे त्रेचाळीस नातेवाईक होते. चार जीपा भरून आले होते. यांपैकी एकतीस जण गोजरबाईंना "आईसारखी" मानत, सात जण "आईपेक्षा जास्त" मानत, आणि उरलेल्या पाचांना चिखलीच्या बाजारात काम होते. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा गोकुळ व्हिडिओ कॉलवर होता. त्याला टीव्ही दिसावा म्हणून एक भाचा मोबाईल वर धरून उभा होता.

आरंभीच सिस्टर सारिका बाहेर आली. "गोजरबाईंसाठी दोन बाटल्या रक्त लागते. रक्तपेढी बदल्यात रक्त घेतल्याशिवाय देत नाही. कोण देणार?"

"देऊ नं," चिखलीचे जावई गजेंद्र म्हणाले. "एवढे माणसं कायले आले?"

सर्वांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने संमत झाला. तेवढ्यात टीव्ही सुरू झाला.

पडदा आधी काळा होता. मग अंधारातून एक हिरवी रेघ उगवली, तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना पुन्हा फांद्या फुटल्या. कोणीतरी चपला काढल्या. उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आले. चाळीसेक वर्षे या बाईने भाकरी करून वाढली आणि ती आतून अशी आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"बाईमाणूस आहे, आतून नाजूकच राहीन," त्यांची बहीण सत्यभामाबाई म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण दादा, वहिनी बाहेरून तं एवढी उजळ नाही."

"तिची माय गोरी होती," उत्तमराव म्हणाले.

ऑपरेशनवर सर्वांगीण देखरेख झाली. अडत दुकान चालवणाऱ्या गजेंद्ररावांनी डॉक्टरने किती वाढीव कापायला हवे हे सांगितले. "बाजूचं थोडं घ्याच म्हणा, वजनात काय फरक पडते?" मलकापूरचे साडू नारायणराव आयुष्यभर पाणीपुरवठ्यात होते. त्यांना डावीकडची एक वाहिनी लिकेज वाटली. सून प्रेरणा मधेच कुठेतरी उठून गेली होती. ही गोष्ट चहा उशिरा आल्यामुळे सर्वांच्या लक्षात आली.

गोळा निघाला. हॉलने श्वास सोडला. थोड्या वेळाने पडदा काळा झाला, हिरवी रेघ उगवली, फांद्या फुटल्या आणि तोच गोळा पुन्हा निघाला.

"पुन्हा काऊन काढून राह्यले बे?" भाचा म्हणाला.

"मुळापासून काढून राह्यले," गजेंद्रराव म्हणाले. "डॉक्टर पक्का दिसते."

तिसऱ्यांदा गोळा निघाला तेव्हा पेढे आले. गोकुळने पुण्याहून अंगठा दाखवला. पाच जण चिखलीच्या बाजारासाठी मोकळे झाले.

तेव्हा सिस्टर सारिका पुन्हा आली. "एक बाटली आली. दुसरीचं काय?"

एक कोणी दिली, असे उत्तमरावांनी विचारले. सिस्टरने दाराकडे बोट दाखवले. चहाचा थर्मास घेऊन प्रेरणा उभी होती. दंडाला कापूस चिकटवलेला होता. (सून नातेवाइकांच्या त्रेचाळीसमध्ये धरलेली नव्हती. ती घरची.)

दुसऱ्या बाटलीबाबत हॉलमध्ये सखोल विचार झाला. नारायणरावांना शुगर होती. सत्यभामाबाईंची चतुर्थी होती. भाच्याच्या हातात मोबाईल होता. एकाने सांगितले की त्याचा गट जुळणार नाही, आणि कोणता गट ते मात्र त्याला आठवेना.

"कोणताही गट चालतो," सिस्टर म्हणाली. "बदल्यात द्यायचंय. त्यांना लागणारा आमच्याकडे आहे."

"पण मॅडम," नारायणराव शांतपणे म्हणाले, "टीव्हीवर तं भरपूर दिसून राह्यलं रक्त."

"आणि पेशंटचं तं झालं आता हिरवं," भाचा म्हणाला. "आमचं लाल कसं चालीन?"

हा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्या कोणालाच खोडता आला नाही.

"अन् आता कायले पाहिजे?" गजेंद्ररावांनी समारोप केला. "ऑपरेशन तं झालं. तीन डाव झालं."

"कोणाचं?" सिस्टर म्हणाली. "बाईंना अजून टेबलावर घेतलं नाही. बाटलीसाठी थांबलोय. हा मशीनसोबत आलेला नमुना आहे, परदेशातल्या कोण्या पुरुषाचा. अर्ध्या तासात रक्त आलं नाही तर टेबल दुसऱ्या पेशंटला देतील. यांची तारीख मग पंधरा दिवसांनी."

जो तो दुखावला. आपण सकाळपासून उपाशीपोटी एका परक्या पुरुषासाठी देव पाण्यात घालून बसलो, ही फसवणूक कोणालाच सहन होईना. गजेंद्ररावांनी रुग्णालयाचा निषेध केला. निषेध म्हणून पहिली जीप निघाली. निषेधाला पाठिंबा म्हणून उरलेल्या तीन निघाल्या. पेढ्यांचा डबा सत्यभामाबाईंनी आठवणीने नेला.

उत्तमरावांनी बाही वर सारली. सिस्टरने वय विचारले.

"अडुसष्ट."

"पासष्टपर्यंतच चालतं, बाबा."

"मले कोणी साठच्या वर म्हणत नाही."

"आधार कार्ड म्हणते."

प्रेरणा म्हणाली, "माहीच दुसरी घ्या." सिस्टर तिलाही नाही म्हणाली. एका माणसाची एकच.

उत्तमराव आतल्या दारापाशी गेले. गोजरबाई स्ट्रेचरवर छताकडे बघत पडली होती. "झालं काय?" तिने विचारले.

"नाही."

"मंग एवढे लोक काय पाहून राह्यले होते?"

"तुलेच," उत्तमराव म्हणाले.

तिने अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "चांगली दिसत होती काय?"

"हाव."

ते पुन्हा हॉलमध्ये आले. खुर्च्या रिकाम्या होत्या. टीव्हीवर चौथ्यांदा हिरवी रेघ उगवत होती. ज्या भिंतीवर तो टांगला आहे, तिच्यातच, बरोबर त्याच्या खाली, एक दार आहे. त्रेचाळीस माणसे सकाळपासून त्या दाराकडे तोंड करून बसली होती. दारावर लाल अक्षरांत "रक्तपेढी" लिहिले आहे.

आपणही इथपर्यंत बसून सगळे पाहिलेच आहे. बाटली एकच कमी आहे. कोणताही गट चालतो.